चांदीचे डोळे

देवीच्या रांगेत पारूबाईचा जीव खालीवर होत होता. लेकीची दृष्टी परत आली तर चांदीचे डोळे वाहीन, असा तिचा नवस होता. दृष्टी आली, पण होतं नव्हतं ते परभणीच्या दवाखान्यातच संपलं. "रिकाम्या हातानं आलीस व्हय गं?" पुढच्या पाटलीणबाई फणकारल्या. "नवस चुकला की देवी दिलेलं परत नेती!" पारूबाईनं लेकीला जवळ ओढलं. गाभाऱ्यापुढं येताच तिनं लेकीलाच पुढं ढकललं. "चांदी न्हाई आई, पण ही तुला बघायलीय!" लेक टकामका बघत राहिली अन् एकदम ओरडली, "माय, देवीच्या नथीतला मोती गळालाय!" गुरवानं समई जवळ नेली. "खरंच की!" पारूबाईनं डोकं टेकवलं, ते उचलेचना. "ऊठ बाई, अजून काय मागायलीस?" गुरव खेकसला. "मागत न्हाई बाबा, लय दिलंय तिनं. पोटभर पाया पडू दे."