तोफेसमोर

नळजोडणीच्या कामातून उरलेल्या पाइपांच्या तोफा बनवायच्या, हा नवऱ्याचा नाद. सायकलच्या पंपाने हवा भरायची, दोरी ओढायची, की बटाटा थेट मैदानापलीकडे. "भाजीपुरते तरी ठेवत जा!" म्हणून बायको कायम करवादायची.

मग त्याला झटका आला. उजवा हात लुळा पडला, वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, "बोलतील, पण त्यांना बोलावंसं वाटलं पाहिजे." तो मात्र दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा.

एका सकाळी बायकोने त्याला चाकाच्या खुर्चीतून मैदानावर आणलं. माळ्यावरची तोफ तिने आधीच तिथे नेऊन मांडली होती. घामाघूम होत तिने पंप मारला, नळीत बटाटा कोंबला आणि दोरी त्याच्या डाव्या हातात दिली.

"ओढा."

तो हलला नाही. बटाटा नीट बसला नसेल, असं वाटून ती पुढे गेली आणि वाकून नळीच्या तोंडात डोकावली.

"ए! बाजूला! बाजूला हो!"

दोरी त्याने केव्हाच टाकून दिली होती. जीभ जड होती, शब्द बोबडे होते, पण आवाज मैदानभर घुमला. ती मटकन खाली बसली. रडू आणि हसू एकदमच आलं तिला.

"अक्कल... आहे का?" तो म्हणाला.

"नाही हो," तिने हात जोडले. "अजून थोडं रागवा ना."