बोटं न उमटलेली कणीक

वाफेचं विमान कोसळल्यावर चार महिन्यांनी वैमानिक आई घरी आली, तेव्हापासून सोळा वर्षांची हेमांगी तिच्यावर नजर ठेवून होती. आज आईने मळलेल्या कणकेचा गोळा गुळगुळीतच ठेवून झाकला. एरवी तो पिंडासारखा दिसू नये म्हणून ती त्यावर बोटं उमटवायची.

हेमांगीने नानांना त्यांच्या कारखान्यात गाठलं. “ती आई नाही. तुम्ही बनवता त्या वाफेच्या माणसांपैकीच आहे.”

“वाफेचं माणूस इतक्या मऊ पोळ्या करतं होय?”

“हसण्यावारी नेऊ नका, नाना. मी आत्ता जाऊन तिचा बॉयलर बंद करते.”

नानांनी हातातला पाना खाली ठेवला. “कर. पण आधी तिला सांग. तिला वाटतंय, ती वाचली.”