टाचेतलं रक्त

“माझ्या नातीला ह्यो रोग तुमीच लावला, डाक्टरीणबाई. पोट फाडून काढली, तवाच लागला.”

तानुबाई हे सरळ डॉक्टरच्या तोंडावर बोलली. सून राजेश्रीनं मान खाली घातली. दोन वर्षांची भक्ती टेबलावरची स्टेथोस्कोपची नळी ओढत “दे, दे” ओरडत होती.

“आजी, सिझरनं थायरॉईडच्या तपासणीचा आकडा वरखाली होतो का, ते अजून नक्की नाही. म्हणून तर आपण हिचं रक्त दोनदा तपासलं. हिची गळ्यातली थायरॉईड ग्रंथीच जन्मापासून कमजोर. गोळी वेळेवर सुरू झाली, म्हणून ही एवढी वांड.”

“मला नका शिकवू. हे बगा धाकलीचं.” तानुबाईनं मांडीवरचा नातू पुढं केला. त्याची आई, धाकटी सून निकिता, बाहेर डोसच्या रांगेत उभी होती. “हितंच सरळ बाळंत झाली. दुसऱ्या दिवशी घरी. दीड महिन्याचा झाला, रडत बी न्हाई. दुधाला उठवावं लागतंय. लय शहाणा!”

राजेश्रीनं झटकन वर पाहिलं. गोळी सुरू व्हायच्या आधी भक्तीही अशीच शहाणी होती.

“आत्या, माझं पोट फाडलं ते लय बरं झालं. टाके होते म्हणून पाचवीला मी इथंच होते. सटवाई पुजायची, घरी सोडा म्हणून तुमी भांडत होता, आन् सिस्टरनं हिच्या टाचेतलं रक्त घेतलं. रोज गोळी उगाळताना मी त्या सिस्टरला, ह्या म्याडमला हात जोडते.” ती सासूच्या मांडीवरच्या पोराकडं वळली. “ह्याच्या पाचवीला ह्यो कुठं होता?”

“घरीच की. सटवाईपुढं.”

डॉक्टर उठली. तिनं पोराची जीभ पाहिली, पोट दाबलं. मग टाचेतलं रक्त घ्यायची सुई काढली.

तानुबाईनं नातवाचा मोजा ओढून काढला. इवलीशी टाच डॉक्टरपुढं धरली. पोर तरीही रडलं नाही.

“घ्या रक्त. आत्ता घ्या. नातीला वाचवलं, जलमभर उपकार मानीन तुमचे. पर आदी सांगा, सरळ बाळंत झाली म्हणून ह्याला बिनतपासता घरी कुनी लावून दिलं? बोला!”