एकशेपंचवीसची रेघ

"वेंडल, लेका, एकदा येऊन माझं काडतुसांचं यंत्र नीट लावून दे ना! तुझ्या हाताला जे कळतं, ते मला या जन्मात कळायचं नाही."

लॉयड हे कित्येक वर्षं म्हणत होता, आणि वेंडल दर वेळी "बघू" म्हणून विषय टाळत होता. आजही शनिवारचा नेमबाजीचा सराव संपल्यावर क्लबच्या बाकावर पिस्तूल पुसत तो "बघू"च म्हणाला. मनात म्हणाला, देतो हं लावून, बस वाट बघत.

अमेरिकेतल्या मिझुरीच्या त्या डोंगरात दुकानातली काडतुसं घेऊन कुणी स्पर्धेला जात नाही. ज्याच्या त्याच्या गॅरेजात काडतुसं भरायचं यंत्र. बारूद कमी टाकली की पिस्तूल हातात उसळत नाही, पळता पळता मारलेला दुसरा बारही जागेवर बसतो. पण फार कमी टाकलीत तर मेलात! स्पर्धेच्या दिवशी पंच तुमच्याच पिशवीतली काडतुसं उचलतात, झाडून बघतात आणि गोळीचं वजन आणि वेग यांवरून जोर काढतात. जोर एकशेपंचवीसच्या खाली गेला की सगळे गुण शून्य. रेघेच्या वर, पण अगदी चिकटून राहायचं, हीच सगळी कला. आणि ती वेंडलइतकी कुणाला येत नव्हती.

गेल्या वर्षी लॉयडची काडतुसं रेघेखाली गेली आणि राज्य स्पर्धेचं बक्षीस, चांदीचं बक्कल, वेंडलच्या पट्ट्यावर चढलं. पण गावानं ते सुखानं मिरवू दिलं का? पेट्रोलपंपावर, न्हाव्याकडे, सगळीकडे एकच पालुपद: "लॉयडची काडतुसं हलकी निघाली म्हणून, नाहीतर..." खुद्द बायको, मॅव्हिस, सफरचंदं चिरता चिरता म्हणाली, "बिचारा लॉयड!" वेंडलच्या अंगाचा तिळपापड झाला. बिचारा म्हणे! नवरा जिंकून आलाय आणि हिला बिचारा कोण, तर लॉयड!

गेल्या वर्षीच्या धसक्यानं लॉयड आता बारूद ठासून भरायचा. पिस्तूल खेचरासारखं उसळायचं. तरीसुद्धा आजच्या सरावात तो वेंडलच्या जेमतेम मागे होता. एवढं उसळतं पिस्तूल घेऊन हा इतक्या जवळ येतो, तर स्पर्धेत...?

"उद्या चर्चमध्येच जेवण आहे आमचं," लॉयड पिशवी उचलत म्हणाला. "दुपारपर्यंत घरी चिटपाखरू नसणार. सोमवारी बसतो स्पर्धेची काडतुसं भरायला. गॅरेजला काय, मी कुलूप लावतच नाही."

"मजा करा," वेंडल म्हणाला.

रविवारी चर्च टाळायला त्यानं मॅव्हिसला डोकं दुखतंय म्हणून सांगितलं आणि लॉयडच्या गॅरेजात शिरला. बेत सोपा होता. बारुदीच्या मापाची चकती थोडी खाली फिरवायची. फार नाही. रेघेच्या जरा खाली, म्हणजे कुणाला संशय नको. दोनदा तीच चूक झाली की मग लोक नशिबाला नाही, लॉयडच्या अकलेला हसतील.

पण यंत्र बघून त्याचं डोकंच फिरलं. मापाचा स्क्रू ढिला, नळीत बारूद चिकटलेली. एका पुंगळीत जास्त, दुसरीत कमी! अशा यंत्रावर चूकसुद्धा धड होणार नव्हती. दोन काडतुसं हलकी आणि चार जड निघाली तर लॉयड सुटायचा की! वेंडलनं बाह्या सरसावल्या. नळी पुसली, स्क्रू आवळला, गोळी सारख्या खोलीवर बसतेय ना ते पाहिलं. मग थोडी काडतुसं भरून घरी नेली आणि मागच्या कुरणात झाडून वेग मोजला. दोघांची पिस्तुलं एकाच कारखान्याची, नळ्याही सारख्याच. परत येऊन त्यानं चकती आणखी जरा फिरवली. पुन्हा झाडून मोजलं: एकशेतेवीस. प्रत्येक काडतूस, एकसारखं. असं सुरेख काम त्यानं स्वतःसाठीही कधी केलं नव्हतं, आणि याचाही त्याला रागच आला.

स्पर्धेच्या सकाळी मोजणीच्या टेबलामागे पंच बर्निसबाई बसल्या होत्या. त्यांनी लॉयडच्या पिशवीतली काडतुसं उचलली. वेंडल बुटाची नाडी बांधायचं निमित्त करून तिथेच वाकला.

बार झाले. बर्निसबाईंनी चष्मा वर केला.

"एकशेसव्वीस. वा रे पठ्ठ्या! सगळी एकसारखी. कोणाकडून शिकलास?"

वेंडल नाडी हातात धरून तसाच राहिला. एकशेसव्वीस? कसं शक्य आहे? हात चुकला आपला? आपला?

उरलेला दिवस त्याला बघवेना. लॉयडचं पिस्तूल हातातून हलत नव्हतं. तो पळत होता, वळत होता, आणि दुसरी गोळी पहिलीच्या कुशीत जाऊन बसत होती. संध्याकाळी बक्कल लॉयडच्या पट्ट्यावर चढलं. वेंडल दुसरा. टाळ्या वाजवणाऱ्यांत मॅव्हिस सगळ्यात पुढे!

लॉयडनं त्याला आपल्या पिकअपच्या मागच्या फळीवर बसवलं आणि डुकराच्या मांसाचं सँडविच हातात दिलं.

"इतकी वर्षं विनवलं, ढिम्म हलला नाहीस," लॉयड घास चावत म्हणाला. "पण शनिवारी तुझं तोंड बघितलं आणि म्हटलं, आता येणार हा. त्या स्क्रूचं तर मला सुचलंच नसतं बघ. मी काय, वेग मोजून बघितला आणि फक्त चकती एक खूण वर केली."

वेंडलनं हातातलं सँडविच फळीवर ठेवलं.

"पुढच्या वर्षीही स्पर्धेआधीच्या रविवारी आम्ही चर्चमध्येच जेवणार आहोत बरं का," लॉयड त्याच्या पाठीवर थाप मारत म्हणाला. "गॅरेज उघडंच ठेवतो."