पाटणकरांची दाढ

मऊ भाताचा घास घेता घेता शालन गाल धरून थांबली. पाटणकरांची अक्कलदाढ काढून दोन दिवस झाले होते. त्यांचं दुखणं मात्र यंत्राने शालनच्या जबड्यात उतरवलं होतं, पाच दिवसांसाठी. तिची नोकरीच ती होती.

"चकली खाल्ली वाटतं त्यांनी," ती म्हणाली. "त्यांना काय, दुखतंय कुठे!"

समोर तिची मुलगी मुग्धा बसली होती. तिचीही दाढ सकाळीच काढली होती. गाल टम्म सुजला होता.

"आई, माझं घे ना थोडं."

"एका वेळी एकाचंच घेता येतं गं."

तेवढ्यात शालनच्या कानापर्यंत कळ गेली. पाटणकरांनी दुसरी चकली घेतली असावी.

मुग्धाने स्वतःच्या गालावरची बर्फाची पिशवी काढली आणि आईच्या गालाला लावली.