एका ओळीची रोजनिशी

रविवारी दुपारी महिपती गुरुजींची रोजनिशी त्यांची बायको प्रयागबाई वाचत बसली आहे हे त्यांच्या ध्यानात आलं, तोवर तिचं पहिलं पान संपत आलं होतं.

तिनं घर सारवायला काढलं होतं. कोनाड्यातलं सामान ओट्यावर आणून ठेवलं, त्यात ही निळ्या पुठ्ठ्याची वहीही आली. हात धुऊन, पदराला पुसून ती वही मांडीवर घेऊन बसली होती. लासुर्ण्याच्या शाळेत गुरुजी संध्याकाळी मोठ्या माणसांचा साक्षरतेचा वर्ग घेत. त्या वर्गात प्रयागबाईला आठ महिने झाले होते.

"आ... ज. आज. का... ही." तिचं बोट ओळीखालून सरकत होतं. "सु... च... सुचलं ना... ही. आज काही सुचलं नाही."

तिनं मान वर केली. "फळ्यावरचंच अक्षर हाय तुमचं. म्हणून लागतंय."

वही काढून घ्यावी असं गुरुजींच्या मनात आलं. पण ओट्याच्या खांबाला टेकलेली पाठ काही त्यांनी हलवली नाही. वाचली तर वाचली. त्यात लपवण्यासारखं तरी काय होतं?

तीन वर्षांमागं निमगाव केतकीच्या जत्रेत त्यांनी लिहिलेलं नाटक झालं होतं. दुसऱ्या अंकात माणसं उठून गेली. कुणी हसलं नाही की ओरडलं नाही. घोंगडी झटकून खांद्यावर टाकली आणि गेली. गॅसबत्तीच्या उजेडात समोर नुसती जमीन उरली. तेव्हापासून गुरुजी रोज या वहीत एक ओळ लिहीत, आणि कालव्याच्या कडेनं शाळेला जाताना तीच ओळ पुटपुटत. आधी वाईट वाटायचं. पुढं तेही वाटेनासं झालं. अंघोळ करावी तशी ते ओळ लिहीत.

"तु... झ्या... नं." जोडाक्षराला प्रयागबाई अडखळली, पण सुटली. "तुझ्यानं व्हा... यचं नाही."

खालची ओळ तीच होती. त्याच्या खालचीही. तिनं पान उलटलं. तिथंही तेच. चौथ्या-पाचव्या वेळी तिला अक्षरं जुळवावी लागली नाहीत. वाक्य तोंडातून सरळ आलं, स्वच्छ, न अडखळता.

"तुझ्यानं व्हायचं नाही."

गुरुजींनी चमकून तिच्याकडं बघितलं. तीन वर्षांत हे वाक्य त्यांनी हजार वेळा लिहिलं असेल. पण ते कुणी त्यांना ऐकवलं नव्हतं.

"ह्ये कुणाला म्हणताय?" तिनं विचारलं.

"कुणाला न्हाय. माझं मलाच."

"रोज?"

"रोज."

तिनं वहीची पानं पुढं पुढं उलटली. मग शेवटच्या लिहिलेल्या पानावर बोट ठेवून वाचू लागली. हे आज सकाळीच लिहिलेलं होतं. "मा... न... सिंगला नाही म्ह... णायचं."

तरुण मंडळाचा मानसिंग सकाळी येऊन गेला होता. चैत्रातल्या जत्रेला गावाला नाटक हवं होतं. "तुमी लिवणार असला तर लिवा गुरुजी," तो म्हणाला होता. "न्हायतर उद्या यस्टीनं बारामतीला जाऊन छापील पुस्तक घिऊन येतो. सकाळच्याला सांगा मला."

प्रयागबाईनं वही मिटली नाही. म्हणाली, "वर्गातली कुशाबाई सा महिनं झालं 'क' उलटा काढती. तिला एकदाबी असं म्हणाला न्हाय तुमी."

"तिला असं म्हणून कसं चालंल?" गुरुजी म्हणाले. "उद्यापास्नं ती वर्गालाच यायची न्हाय."

बोलता बोलता त्यांची नजर प्रयागबाईच्या मांडीवरच्या वहीवर गेली. तिनं वही त्यांच्या शेजारी ठेवली, शेणाची पाटी उचलली आणि आत गेली. आतून जमिनीवर हात फिरल्याचा आवाज येऊ लागला.

लांब कारखान्याचा भोंगा झाला. गुरुजींनी पेन्सिल घेतली, कोरं पान काढलं, वर तारीख घातली. हात आपसूक 'तु' काढू लागला. तो त्यांनी खोडला आणि पेन्सिल तशीच कागदावर टेकवून बसून राहिले. डोक्यात काही नव्हतं. ओट्यावर ऊन आलं होतं, आणि उन्हात त्यांच्याच घराचं दार उघडं होतं.

बऱ्याच वेळानं त्यांना वाटलं, अशा दारात एखादा माणूस आला तर तो पहिल्यांदा काय म्हणेल? निमगावच्या नाटकातला माणूस म्हणाला होता, "या गृही कुणी वास्तव्य करते काय?" ते आठवून त्यांना स्वतःचीच लाज वाटली. असं कोण बोलतं? मग ऐकायला कसं वाटतं ते बघावं म्हणून ते मोठ्यानं म्हणाले,

"हितं घरात कोन हाय का?"

"हाय की," आतून प्रयागबाई ओरडली. "पर हात शेणाचं हायती माझं. तुमीच या आत."

गुरुजींनी आपलं वाक्य लिहिलं. त्याच्याखाली तिचं लिहिलं. आणि पेन्सिल हातात धरून, ती पुढं काय बोलते याची वाट बघू लागले.