सहीच्या जागी

पाद्रीसाहेबांनी लग्नाची वही उचलून सगळ्यांना दाखवली.

“बघा आमच्या नवरदेवाची विद्वत्ता! फुली. आणि तीही वाकडी.”

पास्को मान खाली घालून उभा राहिला. कॉर्नवॉलच्या खाणीत पाटीचा दगड फोडणारे त्याचे हात आज घासून घासून लाल झाले होते. मागे सगळे खाणीतलेच लोक. एकही हसला नाही. हसले ते फक्त पाद्रीसाहेब, रेव्हरंड लॅथम. घटकाभरापूर्वी याच तोंडानं त्यांनी आशीर्वादाचं स्तोत्र गायलं होतं.

“आता तू ये, टॅमसिन. तुझं वळणदार अक्षर दाखव. खाणीतली पोर शिकली तर कुठवर जाते, कळू दे यांना. सोमवारपासून गावच्या शाळेची बाई तू! आणि गळ्यात काय बांधून घेतलंस, तर हा धोंडा?”

टॅमसिनच्या अंगाचा तिळपापड झाला. लहानपणापासून ती हेच सोसत आली होती. साहेबांच्या बंगल्यावर पाहुणे आले की तिला उभं करून वाचायला लावायचं, आणि वाचून झालं की मागच्या दारानं घरी पाठवायचं.

तिनं टाक शाईत बुडवला आणि पास्कोच्या फुलीखाली तशीच एक फुली मारली.

“हे काय?” साहेबांचा आवाज चिरकला. “फुली मारणारी बाई मी शाळेत ठेवीन होय?”

“नका ठेवू. बाप्तिस्म्याला आमच्या कपाळावर क्रुसाची हीच खूण काढता ना तुम्ही? तिला हसलात, साहेब. देवाच्या घरात हसलात!”

साहेबांनी वही साक्षीदारापुढं ढकलली. साक्षीदार म्हणजे टॅमसिनचा बाप, म्हातारा जोएल. त्यानं टाक मुठीत धरून आपली फुली मारली, वरच्या दोन्ही पाहिल्या आणि त्याचा चेहरा खुलला. “अरेच्चा! सगळी आपलीच की!”

बाहेर आल्यावरही टॅमसिन धुमसत होती. “गेली शाळा तर गेली! तुला एकट्याला मान खाली घालायला लावतो काय! आता रोज संध्याकाळी माझ्यापुढं बसायचं. तुझं नाव तुला लिहायला शिकवते की नाही बघ.”

“येतं मला,” पास्को हळूच म्हणाला. “हिवाळाभर गिरवलंय, फुटक्या पाट्यांवर. तुझंसुद्धा येतं.”

“मग मेल्या, फुली कशाला मारलीस?”

“आपल्यामागून तुझ्या बाबांची पाळी होती.”